शिट्टी वाजवण्याआधी नाडी मोजा

31 जानेवारी 2025, शुक्रवार. गहुंजेच्या मैदानावर भारत-इंग्लंड टी-ट्वेंटी सामना. भारताच्या डावातले शेवटचे दोन चेंडू उरले असताना जेमी ओव्हरटनचा चेंडू शिवम दुबेच्या हेल्मेटवर आदळला. जागेवर तपासणी झाली, दुबे शेवटचा चेंडू खेळला आणि धावबाद झाला. डाव संपल्यावर डोकं दुखतंय म्हणून तो बसला आणि त्याच्या जागी हर्षित राणा उतरला. राणाने तीन बळी घेतले. भारत 15 धावांनी जिंकला आणि मालिकाही जिंकली.

त्यानंतर जो गदारोळ उठला तो सगळ्यांना आठवत असेल. फलंदाजी करणाऱ्या अष्टपैलूच्या जागी पक्का वेगवान गोलंदाज कसा चालतो, यावर इंग्लंडचा तेव्हाचा कर्णधार बटलरपासून आमच्या पिंपळीच्या चहाच्या टपरीपर्यंत प्रत्येकाचं मत होतं. 2 फेब्रुवारीला, म्हणजे रविवारी, दुबे वानखेडेवर परत खेळला. 13 चेंडूंत 30 धावा काढल्या, दोन बळी घेतले. टाळ्या पडल्या आणि विषय संपला.

मला विचाराल तर खरा विषय तिथेच सुरू होतो. शुक्रवारी रात्री ज्या डोक्यामुळे खेळाडूला सामना सोडावा लागला, ते डोकं रविवारी संध्याकाळी खेळायला तयार आहे हे कशावरून ठरवायचं? एवढ्या चर्चेत हा प्रश्न मला कुठेच ऐकू आला नाही. दुबे सज्ञान आहे, व्यावसायिक आहे, त्याच्या दिमतीला डॉक्टर आणि फिजिओ आहेत. त्याची चिंता करायला माणसं आहेत. मला चिंता आहे ती तो सामना मोबाइलवर बघणाऱ्या दहावीतल्या पोराची. त्याने त्यातून एकच धडा घेतला: शुक्रवारी डोक्याला लागलं तरी रविवारी खेळायचं असतं.

आयसीसीला त्याच वर्षी नियम बदलावा लागला. सामन्यात कन्कशन, म्हणजे डोक्याला धक्का बसून मेंदूच्या कामकाजात बिघाड झाल्याचं निदान झालेल्या खेळाडूने आता किमान सात दिवस मैदानाबाहेर राहायचं आहे. चांगली गोष्ट आहे. पण हा नियम पोचतो आंतरराष्ट्रीय क्रिकेटपर्यंत. बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या मातीच्या मैदानांवर आणि तालमींत डोकं आपटून घेणाऱ्या पोरापोरींसाठी सात दिवसांचा नियम सोडाच, सात मिनिटांचासुद्धा नियम नाही.

मी शारीरिक शिक्षणाची शिक्षिका आहे, कबड्डीची पंचही आहे, आणि राहते पिंपळीत. आमच्या पट्ट्यात कबड्डी आणि कुस्ती हे नुसते खेळ नाहीत. दहावी-बारावीला वाढीव क्रीडा गुण मिळतात. राज्याच्या सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे. पोलिस भरतीच्या अकादम्या गल्लोगल्ली आहेत आणि पहाटे पाचला पालखी मार्गाच्या कडेने पोरं 1600 मीटरची वेळ लावत पळत असतात. ज्या घरात दोन एकर ऊस आणि तीन भाऊ आहेत, त्या घरात जिल्हा पातळीचं प्रमाणपत्र म्हणजे काय, हे मला कोणी समजावून सांगायची गरज नाही. म्हणूनच सांगते, की डोक्याला लागलेलं लपवण्याचं कारण या पोरांकडे भरभक्कम आहे. आणि ते लपवू देणारे आपण सगळे, शिक्षक, प्रशिक्षक, आयोजक, पंच, पालक, त्यांच्या भल्याच्या नावाखाली त्यांचं नुकसान करतो आहोत.

मागच्या हिवाळ्यात एका गावच्या स्पर्धेत मी माझ्या मुलींचा सामना लागायची वाट बघत बसले होते. मैदानावर मुलांची उपांत्य लढत चालली होती. कोपऱ्यातल्या पोराने चढाईपटूच्या घोट्यावर झेप टाकली आणि चढाईपटूचा गुडघा त्याच्या कानशिलावर बसला. पोरगा मातीत पडला तो दोन-तीन क्षण हललाच नाही. मग उठून बसला. तोंडावर पाणी मारलं. मानेला बाम चोळला. प्रशिक्षकाने दोन बोटं समोर धरली, "किती हायत?" "दोन." "झालं, काय नाय झालं, उठ." माइकवरच्या निवेदकाने टाळ्या मागितल्या आणि प्रेक्षकांनी दिल्या. पुढच्या चढाईला तो पोरगा चुकीच्या कोपऱ्यात जाऊन उभा राहिला. शेजारच्याने दंडाला धरून त्याला ओढून जागेवर आणलं. मी उठून गेले, त्याला बाहेर घ्या म्हणाले. उत्तर मिळालं, "मॅडम, फायनलला जायचंय. पोरगा स्वतः म्हणतोय ना बरा हाय."

ज्या मैदानाचा अंदाज आपण रोज न पाहता घेतो, त्यात स्वतःचा कोपरा न सापडणं याहून मोठा पुरावा कोणता पाहिजे? ढोपर फुटून रक्त आलं असतं तर त्याच पंचाने खेळ थांबवून त्याला पट्टी बांधायला बाहेर पाठवलं असतं. रक्त दिसतं म्हणून आपण घाबरतो. मेंदू कवटीच्या आत हलला तर दिसत नाही, म्हणून आपण टाळ्या वाजवतो.

पुढे काही दिवसांनी त्याची आई बाजारात भेटली. "मॅडम, पोरगं नुसतं चिडचिड करतंय. उजेड सोसत नाय म्हणतंय. पुस्तक घेऊन बसलं की डोकं धरतंय. दवाखान्यात फोटो काढला, त्यात काय निघालं नाय. सर म्हणतात मनाचं हाय."

मनाचं नाही. त्या माउलीला मी जे सांगितलं ते इथे सगळ्यांसाठी लिहिते. सीटी स्कॅन बघतो तो कवटी फुटली का आणि आत रक्तस्राव झाला का हे. ते बघायलाच हवं आणि वेळेत बघायला हवं. पण कन्कशन हा मेंदूच्या रचनेपेक्षा त्याच्या कामकाजातला बिघाड असतो. धक्क्याने मेंदूच्या पेशींतल्या क्षारांचा तोल जातो. तो परत सावरण्यासाठी पेशींना एकदम जास्त साखर, जास्त ऊर्जा लागते, आणि नेमका त्याच वेळी मेंदूचा रक्तपुरवठा कमी पडतो. मागणी वाढलेली, पुरवठा घटलेला. हृदयाची गती आणि रक्तदाब सांभाळणारी स्वायत्त मज्जासंस्थाही त्या काळात डळमळलेली असते. यातलं काहीही साध्या स्कॅनवर उमटत नाही. बहुतेक कन्कशनमध्ये शुद्धही हरपत नाही. तेव्हा "फोटोत काही नाही" आणि "बेशुद्ध पडला नव्हता" ही दोन वाक्यं मुलाला परत मैदानात ढकलायला वापरणं हा अडाणीपणा आहे. आणि शिकलेल्या माणसाने केलेला अडाणीपणा जास्त घातक असतो.

आता दुसऱ्या बाजूच्या चुकीबद्दल. काही घरं घाबरतात, आणि ते बरंच आहे. पण मग पोराला अंधाऱ्या खोलीत महिनाभर झोपवून ठेवतात. शाळा बंद, मित्र बंद, चालणं बंद. जगभरचे डॉक्टरही बरीच वर्षं हेच सांगत होते: लक्षणं पूर्ण जाईपर्यंत संपूर्ण विश्रांती. आता ते तसं सांगत नाहीत. ऑक्टोबर 2022 मध्ये अॅमस्टरडॅमला खेळातल्या कन्कशनवर सहावी आंतरराष्ट्रीय परिषद झाली आणि 2023 मध्ये तिचं निवेदन प्रसिद्ध झालं. त्यात स्पष्ट आहे की पहिले 24 ते 48 तास सापेक्ष विश्रांती घ्यायची, म्हणजे घरातली साधी हालचाल चालू ठेवायची आणि मोबाइल-टीव्ही कमी करायचा. त्यानंतर हलका व्यायाम सुरू करायचा. पडून राहणं हा उपचार नाही.

हा बदल हवेतून आला नाही. अमेरिकेतल्या बफेलो विद्यापीठात जॉन लेडी आणि बॅरी विलर यांनी वर्षानुवर्षं यावर काम केलं. 2019 मध्ये त्यांच्या गटाने 13 ते 18 वयोगटातल्या 103 खेळाडूंवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. सगळ्यांना नुकतंच कन्कशन झालेलं होतं. एका गटाला मोजून-मापून हलका एरोबिक व्यायाम दिला, दुसऱ्याला नुसते ताणाचे व्यायाम. पहिला गट साधारण 13 दिवसांत बरा झाला, दुसरा 17 दिवसांत. 2021 मध्ये 118 मुलामुलींवर असाच अभ्यास झाला तेव्हा हेच आकडे 14 आणि 19 दिवस आले. लक्षणं महिन्याहून जास्त रेंगाळण्याचा धोकाही व्यायामाच्या गटात जवळजवळ निम्म्याने कमी होता. चार-पाच दिवसांचा फरक ऐकायला लहान वाटतो. सहामाही परीक्षा तोंडावर असलेल्या पोराला विचारा.

पण "मोजून-मापून" म्हणजे काय? माझ्या लेखाचा सगळा जीव या शब्दांत आहे. मुलाला किती व्यायाम सोसतो हे त्याला विचारून कळत नाही, आईला विचारून कळत नाही आणि प्रशिक्षकाला विचारून तर मुळीच कळत नाही. ते त्याला डोळ्यांसमोर दमवून, दर मिनिटाला नाडी बघून कळतं.

बफेलोची चाचणी अशी आहे. मूल ट्रेडमिलवर चालायला लागतं, वेग ताशी पाच-सव्वापाच किलोमीटर, म्हणजे भरभर चालण्याचा. पट्टा आधी सपाट. दर मिनिटाला चढ 1 टक्क्याने वाढवायचा. 15 टक्के चढ झाला की मग वेग वाढवत न्यायचा. दर मिनिटाला तीन गोष्टी लिहायच्या: हृदयाचे ठोके किती, दम किती लागलाय, आणि डोकं दुखणं, गरगरणं, उजेडाचा त्रास ही लक्षणं 0 ते 10 मध्ये किती. सुरुवातीपेक्षा लक्षणं तीन अंकांनी चढली की चाचणी तिथेच थांबवायची आणि त्या क्षणीचे ठोके लिहून ठेवायचे. तो त्या मुलाचा आजचा उंबरठा.

समजा, पंधरा वर्षांच्या मुलाला 140 ठोक्यांवर डोकं ठणकायला लागलं. त्याच्या वयाला कमाल ठोके ढोबळमानाने 220 वजा 15, म्हणजे 205 धरतात. म्हणजे हा मुलगा आपल्या ताकदीच्या बराच खाली अडतोय. तो बरा झालेला नाही, मग बसल्या जागी तो कितीही हसून दाखवो. त्याला व्यायाम द्यायचा तो 140 च्या 80 टक्क्यांवर, म्हणजे 112 ठोक्यांवर, रोज वीसेक मिनिटं. नाडीवर बोट ठेवून 15 सेकंदांत 28 ठोके मोजले की झाले 112. काही दिवसांनी परत चाचणी घ्यायची; उंबरठा वर सरकलेला दिसला पाहिजे. एक दिवस असा येतो की मूल 170-175 ठोक्यांपर्यंत जातं, घामाघूम होऊन "आता पाय उचलत नाहीत" म्हणतं, पण डोकं दुखत नाही. दम लागून थांबणं आणि डोकं दुखून थांबणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हा फरक बसल्या-बसल्या कधीच कळत नाही.

म्हणूनच "आता कसं वाटतंय?" या प्रश्नावर मुलाला मैदानात पाठवणाऱ्यांचा मला राग येतो. पलंगावर बसलेल्या मुलाचे ठोके 70 असतात. चढाईला गेलेल्याचे 180 होतात. 70 वर बरं वाटणारं डोकं 180 वर बरं राहील याची हमी तुम्ही कशाच्या जोरावर देता?

या चाचणीनेही मूल थेट सामन्यात जात नाही. अॅमस्टरडॅमच्या निवेदनात सहा पायऱ्या आहेत. आधी लक्षणं फार वाढू न देता रोजची कामं. मग एरोबिक व्यायाम, आधी कमाल ठोक्यांच्या 55 टक्क्यांपर्यंत, नंतर 70 टक्क्यांपर्यंत. मग एकट्याने खेळाचा सराव. मग अंगाला अंग न लागता संघाबरोबर सराव. मग पूर्ण सराव. शेवटी सामना. प्रत्येक पायरीला किमान एक दिवस. अंगाला अंग न लागणाऱ्या सरावाच्या पायरीवरसुद्धा चढायचं ते लक्षणं पूर्ण गेल्यावर आणि दमवूनही परत न आल्यावर. पूर्ण सरावाच्या आधी डॉक्टरांची परवानगी. कबड्डीत याचा अर्थ सरळ आहे. पावलांचं काम आणि एकट्याच्या चढाया आधी. हात लावून परतणं नंतर. साखळी, ब्लॉक आणि घोट्यावरची झेप सगळ्यांत शेवटी. आणि या सगळ्याच्या आधी शाळा: जे मूल तासभर वर्गात बसून फळ्यावरचं वाचू शकत नाही, ते संघात नको.

"बारामतीत, पिंपळीत हे कुठून आणायचं?" हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय की तो प्रश्न राहिलेला नाही, ती पळवाट झालीय. बारामतीत सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. खासगी फिजिओथेरपिस्ट आहेत. गावोगावी जिम निघाल्यात आणि त्यांत ट्रेडमिल आहेत. ट्रेडमिल नसेल तर व्यायामाच्या सायकलवरही हीच चाचणी घेता येते. डॉक्टरने आधी मूल तपासावं, मान आणि हृदय ठीक आहे हे बघावं, आणि चाचणी त्याच्या किंवा प्रशिक्षित फिजिओच्या देखरेखीत व्हावी. पुढचा रोजचा मोजका व्यायाम शाळेच्या मैदानावर होऊ शकतो. त्याला लागतं घड्याळ, वही आणि नाडी मोजायला शिकलेला एक शिक्षक. गावची स्पर्धा भरवायला मंडप, दिवे, माइक, फ्लेक्स, पाहुण्यांचे फेटे, लाखाची बक्षिसं, एवढा खर्च आपण वर्गणी काढून हौसेने करतो. खर्च परवडत नाही असं ज्याला म्हणायचं असेल, त्याने आधी त्या फ्लेक्सचं बिल दाखवावं.

"आमच्या काळी डोकी फुटली तरी आम्ही खेळलो" असं सांगणाऱ्या जुन्या खेळाडूंचा मी मान ठेवते, पण त्यांचं ऐकणार नाही. जे टिकले ते आज सांगायला आहेत. वाढत्या वयाचा मेंदू बरा व्हायला मोठ्यांपेक्षा जास्त वेळ घेतो. आणि पहिला धक्का भरून निघायच्या आत दुसरा बसला तर क्वचित मेंदूला एकदम सूज येऊन मूल दगावतं. हे क्वचित घडतं, पण ज्यांच्या बाबतीत घडलं ती बहुतेक कोवळ्या वयाची मुलं होती. जानेवारी 2011 मध्ये उत्तर आयर्लंडमधल्या कॅरिकफर्गसला 14 वर्षांचा बेन रॉबिन्सन शाळेच्या रग्बी सामन्यात डोक्याला मार बसूनही खेळत राहिला आणि गेला. 2013 मध्ये कॅनडात 17 वर्षांची रोवन स्ट्रिंगर एकाच आठवड्यात पुन्हा पुन्हा डोक्याला मार बसूनही खेळली आणि गेली. तिच्या नावाने ऑन्टॅरिओ प्रांतात 2018 मध्ये कायदा झाला. अमेरिकेत 2006 मध्ये 13 वर्षांचा झॅकरी लिस्टेड डोक्याला लागल्यावर परत मैदानात पाठवला गेला आणि कायमचा अपंग झाला. 2009 मध्ये वॉशिंग्टन राज्याने त्याच्या नावाचा कायदा केला आणि 2014 पर्यंत अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत तसे कायदे आले. ब्रिटनने 2023 मध्ये तळागाळातल्या सगळ्या खेळांसाठी एकच मार्गदर्शिका काढली: शंका असेल तर बसवा, आणि 21 दिवसांच्या आत सामना नाही.

आपल्याकडे शाळकरी खेळाडूंसाठी असा कायदा नाही. आपण काय कोणाच्या नावाने कायदा करायची वाट बघतोय? कोणत्या गावच्या पोराचं नाव त्या कायद्याला द्यायचंय?

दिवस मोजणाऱ्यांनाही एक सांगते. सात दिवस, एकवीस दिवस ही कुंपणं आहेत आणि ती हवीतच, कारण कुंपण नसलं की जिंकण्याच्या घाईत सगळं वाहून जातं. पण कॅलेंडरला मेंदू कळत नाही. एक मूल दहाव्या दिवशी चाचणीत शेवटपर्यंत जातं, दुसरं तिसाव्या दिवशीही 130 ठोक्यांवर डोकं धरतं. दिवस पूर्ण झाले म्हणून दुसऱ्याला उतरवणं हा पहिल्याला दुसऱ्याच दिवशी उतरवण्याइतकाच अपराध आहे. कुंपणही हवं आणि चाचणीही हवी.

आणि चाचणीच्या मर्यादाही मी लपवणार नाही, कारण त्या लपवल्या की उद्या कोणीतरी या चाचणीचाही शिक्का करून टाकेल. दमवण्याच्या चाचणीतून मेंदू आणि रक्ताभिसरण श्रमाला कसं तोंड देतात हे कळतं. तोल, नजर, मान, लक्ष लागणं या गोष्टी वेगळ्या तपासाव्या लागतात. ट्रेडमिलवर पास झालेल्या काही मुलांना वर्गात परत गेल्यावर त्रास झाल्याचं बफेलोच्याच अभ्यासात दिसलं आहे. शिवाय डोक्याला लागल्यावर वारंवार उलट्या, आकडी, वाढत जाणारी डोकेदुखी, गुंगी, हातापायांतली अशक्तता, मानेत कळ यातलं काहीही दिसलं तर चाचणीचा विषयच नाही. 108 ला फोन आणि तडक रुग्णालय.

शिक्का हा आपला जुना रोग आहे. स्पर्धेच्या फॉर्मला जोडायचं वैद्यकीय प्रमाणपत्र कसं मिळतं हे या तालुक्यात कोणाला माहीत नाही? पोरगा घरी, कागद दवाखान्यात, सही पाच मिनिटांत. स्टेथोस्कोप छातीला लागलेला नसतो, पण "खेळण्यास पात्र" असं लिहून मिळतं. त्या सहीवर एका मुलाचा मेंदू जातो हे सही करणाऱ्याला ठाऊक असतं, कारण तो डॉक्टर आहे. म्हणून मला नुसतं प्रमाणपत्र नको. मिनिटामागे नाडी आणि लक्षणांचे आकडे लिहिलेला कागद हवा. खोटी सही करायला पाच मिनिटं पुरतात. पंधरा-वीस मिनिटांचे आकडे खोटे रचायला माणसाला बसून विचार करावा लागतो, आणि तेवढ्यात निदान काहींची लाज जागी होईल.

सगळ्यांत मोठा मुद्दा निर्णय कोणाचा हा. आज तो प्रशिक्षकाचा असतो, आणि प्रशिक्षकाला सामना जिंकायचा असतो. पालकाचा असतो, आणि पालकाला गुण हवे असतात. मुलाचा असतो, आणि मुलाला संघातली जागा गमवायची नसते. ज्याचा सामन्यात स्वार्थ आहे, त्याच्या हातात डोक्याचा निर्णय ठेवणं मला मान्य नाही. पोराला "मर्दासारखा उठ" आणि मुलीला "नाटकं करू नकोस" म्हणणाऱ्यांच्या हातात तर नाहीच नाही. मुली लक्षणं जास्त सांगतात म्हणून त्यांना नाटकी ठरवलं जातं; मी म्हणते, त्या खरं सांगतात, तेवढं ऐकायचे कष्ट घ्या.

माझ्या मागण्या थोडक्या आहेत. तालुक्याच्या शालेय स्पर्धेपासून गावच्या यात्रेतल्या स्पर्धेपर्यंत प्रत्येक नियमपत्रकात लिहा, की डोक्याला मार बसून गोंधळलेला, अडखळलेला, क्षणभर निपचित पडलेला खेळाडू त्या दिवशी परत उतरणार नाही. पंचाने बाहेर काढलं की प्रशिक्षकाचा अधिकार संपला. त्याच्या जागी बदली खेळाडू द्या. संघ बारा जणांचा असतो तो कशासाठी? परत येताना दमवण्याच्या चाचणीचे आकडे आणि डॉक्टरची सही, दोन्ही दाखल करा. जिल्हा क्रीडा कार्यालयाने प्रत्येक क्रीडाशिक्षकाला नाडी मोजायला आणि धोक्याची लक्षणं ओळखायला शिकवावं; एका दिवसाच्या प्रशिक्षणाचं काम आहे. आणि दुखापतीमुळे बाहेर बसलेल्या मुलाचे क्रीडा गुण कापू नका. ज्या पातळीपर्यंत संघ पोचला, त्या पातळीचा लाभ त्यालाही द्या. खरं सांगणाऱ्या मुलाला शिक्षा आणि लपवणाऱ्याला नोकरी, हा हिशेब बदलला नाही तर वरचे सगळे नियम कागदावर राहतील.

येत्या हंगामाची पत्रकं छापायला जातील तेव्हा आयोजकांनी हे माझं लेखी म्हणणं समजावं. ज्या स्पर्धेच्या पत्रकात डोक्याच्या दुखापतीचा नियम नसेल, तिथे मी पंच म्हणून उभी राहणार नाही आणि माझ्या मुलींचा संघही उतरवणार नाही. मानधन गेलं तरी चालेल, चषक गेला तरी चालेल. माझ्यासारखे पंच आणि क्रीडाशिक्षक या दोन तालुक्यांत पुष्कळ आहेत. आपण सगळ्यांनी एका हंगामापुरती शिट्टी खिशात ठेवली, तर हा नियम लिहायला कोणत्याही सरकारची वाट बघावी लागणार नाही.